दस्तीखालचा आकडा

१८ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. लातूर

डायरी लिहिणाऱ्यांतला मी नाही. ही डायरीसुद्धा माझी नाही. बियाण्याच्या कुठल्याशा कंपनीनं अण्णाच्या आडत दुकानाला दिलेली, पानापानावर सोयाबीनची जाहिरात. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या ऋतुजा मॅडम म्हणाल्या, घरच्या कुणीतरी रोजचं टिपून ठेवा. वैनींना श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मला फुरसतीशिवाय दुसरं काही नाही. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

तर टिपण. संगप्पा अण्णा, माझा थोरला भाऊ, वय त्रेसष्ट. गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय ओढतो, डावं अंग ठणठणीत. समजतं सगळं, पण बोलणं गेलं. तोंडातून निघतं ते फक्त "ते ते ते". चहा हवा असला तरी ते ते, नको असला तरी ते ते. ज्याच्या आवाजानं मार्केट यार्डातले हमाल ताठ व्हायचे, त्या माणसाचं हे असं झालंय.

टिपण संपलं आणि पान उरलं, म्हणून माझंही लिहून टाकतो. मी अमरनाथ, वय सत्तावन्न, धंदा बेस गिटार वाजवणे. लग्न राहून गेलं. पुण्यातली खोली सोडून इथं भावाकडे आलोय, वैनींना हात द्यायला. काय हात देतोय ते त्या महादेवालाच ठाऊक. काल पोळी भाजायला घेतली तर वैनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. तुम्ही नुसतं ह्येंच्यापाशी बसा, ते लई झालं."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अण्णा दुपारी एक विचित्र आवाज काढायला लागलाय. खोल घशातून, "डूम… डूम डडूम… डूम." मग थांबतो आणि परत तेच. ऋतुजा मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "काही पेशंट एकच आवाज परत परत काढतात काका. लक्ष देऊ नका." वैनींना वाटतं, जुने बैल हाकायलेत.

बैलांचं नवल नाही. आमचे अप्पा देवणीच्या बैलबाजारात दलाल होते. दोघा भावांना घेऊन जायचे. बाजारात ही गर्दी. मी हरवू नये म्हणून अण्णाला हुकूम होता, अम्याचं बोट सोडायचं नाही. सोडलं नाही कधी, मला मुतायला जायचं असलं तरी.

तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वरून दस्ती टाकतात, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, आणि दस्तीखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, अख्खी मूठ धरली की पाच. भोवती गावभर माणसं उभी, पण सौदा कितीला झाला ते फक्त त्या दोघांना कळतं. आणि तो आकडा नंतर कुणालाही सांगायचा नाही, बायकोलाही नाही, असा अप्पांचा नेम होता. आम्ही दोघं भाऊ घरी पांघरुणाखाली तो खेळ खेळायचो. अण्णा मला नेहमी फसवायचा.

२७ ऑक्टोबर, रविवार

नांदेडहून हरिओमचा फोन. हरिओम म्हणजे आमच्या 'ब्लॅक सॉइल'चा गायक, मूळचा उमरीचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आम्ही बँड काढला तेव्हा त्याचे केस कमरेपर्यंत होते, आता टोपी घालतो. आमच्या पहिल्या कॅसेटला पुढच्या वर्षी तीस वर्षं होतात. कुणीतरी आयोजक तयार झालाय. जानेवारीपासून दौरा, बारा गावं, पहिला प्रोग्राम नांदेडला. "अमऱ्या, ह्याच्यानंतर आपले गुडघे ऐकणार न्हाईत. हे शेवटचं."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर आरशात बघितलं तर मी हसत होतो. मग बाजेवरच्या अण्णाकडे लक्ष गेलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

दुकानाची पूजा अण्णाशिवाय झाली. मुनीमजींनी केली. दारात अण्णाची जुनी जीप बॅटरी उतरून उभी आहे, वैनींनी तिलासुद्धा झेंडूची माळ घातली.

ती जीप म्हणजे कंजूसपणाचा मूर्तिमंत नमुना आहे. दारातला स्पीकर वर्षानुवर्षं फाटलेला. टेप लावला की शब्द नाहीत, सूर नाहीत; लांबून जीप येताना ऐकू येते ती नुसती धुमधुम. किती वेळा म्हटलं, नवा बसव. "चालतंय की," एवढंच म्हणायचा. मी शेजारी बसलो की टेप बंदच करायचा. माझ्या कानांची दया येत असेल.

तसंही गाण्याबजावण्याचं आणि त्याचं वाकडंच. आमची पहिली कॅसेट मी त्याला मोठ्या हौसेनं आणून दिली होती. पूर्ण ऐकली आणि विचारलं, "अम्या, ह्यात तू कुठं हायस?" मी म्हटलं, खाली असतो, बेस तो. "मला तर कुठंच दिसना गेलास." त्यानंतर मी विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

मॅडमचा हुकूम आहे, "काका, त्यांच्याशी बोलत राहा. कशावरही." चार दिवसांत हवामान, सोयाबीनचा भाव आणि गल्लीतली भांडणं संपली. मग आज माझंच आयुष्य काढलं. दुसरं काही भांडवल नाही.

त्याला सांगितलं की होस्टेलवर गिटारवाले तिघं होते, चौथ्याला बेस उरला, तो मी. सुट्टीत देगलूरच्या बँजो पार्टीत वाजवायचो. वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा, शेजारी जनरेटर, नवरदेवाकडचे तेलुगू, नवरीकडचे कन्नड, एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं पण नाचायला सगळे एकाच ठेक्यावर. एका म्हातारीनं मला पाच रुपये ओवाळून टाकले आणि म्हणाली, बाबा, दोन तारा तुटल्या तुझ्या, नव्या घे. बेसला चारच तारा असतात हे तिला सांगायचं जिवावर आलं.

मग सिकंदराबादचं हॉटेल. गळ्यात बो, समोर माणसं मटण खातायत, टाळी नाही. मग पुणे आणि ब्लॅक सॉइल, दोन कॅसेटी, कॉलेजांची गॅदरिंग, एसटीच्या टपावर ड्रम. मग भांडणं. मग मुंबईचे स्टुडिओ. न्हाव्याच्या दुकानात दाढी करताना रेडिओवर मीच वाजतोय आणि न्हाव्याला सांगितलं तर तो म्हणतो, हो हो, मान हलवू नका. आखातात ऑर्केस्ट्रा. एका गझल गाणाऱ्या बाईंच्या मागे गादीवर मांडी घालून वाजवलं, त्या म्हणायच्या, तुमचं वाजणं मला जाणवलं पाहिजे, ऐकू येता कामा नये. शिवभजनांच्या सीडी. लॉकडाउनमध्ये मोबाईलवर पोरांना शिकवणं.

अण्णा पहिल्यांदाच मध्ये "ते ते" न करता ऐकत होता. माझं संपल्यावर डाव्या हातानं खिडकीबाहेर जीपकडे बोट दाखवलं आणि "ते. ते ते ते!" मी म्हटलं, दुकानात जायचंय का? जोरात मान हलवली, नाही. फिरायला? नाही. परत जीप दाखवली. शेवटी रागावून भिंतीकडे तोंड केलं. मला काही समजलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या दिवसभर. त्यांच्या डीजेनं कपाटातली भांडी थरथरतात. एवढा बेस मला जन्मात कुठल्या साउंडवाल्यानं दिला नाही.

दुपारी बेस काढला, बोटं गंजू नयेत म्हणून. पेशंटचं घर आहे, म्हणून अँप न लावता, नुसत्या तारा टिकटिक. तेवढ्यानंही अण्णा खवळला. हातवारे काय, "ते ते" काय. पलंगावर थाप मारायला लागला. वैनी धावत आल्या. मी बेस उचलून गच्चीवर गेलो. या वयातही माझं वाजवणं त्याला सहन होत नाही म्हटल्यावर वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

रोज तोच डूम डडूम चालूच आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळच्या बसनं नांदेडला गेलो, संध्याकाळपर्यंत परत. हरिओमनं गोदावरीच्या बाजूला एका मंगल कार्यालयाचा हॉल मागून घेतला होता. ड्रमवाला गुरुलिंग तोच, फक्त पोटामुळे ड्रम थोडे लांब मांडतो. सुरुवातीला तिघंही चुकलो. मग पहिल्या कॅसेटमधलं पहिलं गाणं घेतलं, त्याची सुरुवात एकट्या बेसची आहे. मी चार तारांवर हात टाकला, मागून गुरुलिंग आला, हरिओम गायला. आवाज फाटलाय त्याचा, पण फाटलेला चांगला वाटतो.

मी किती खूश होतो ते लिहायला शब्द नाहीत. बसमध्ये खिडकीशी बसून मांडीवर बोटं चालवत आलो. लातूर जवळ आलं तशी बोटं थांबली.

घरी अण्णा दाराशी खुर्ची टाकून वाट बघत होता. वैनी म्हणाल्या, "दुपारपासून उठनाच गेलेत. म्हणलं येतेत की भाऊजी, तर माझ्यावरच ते ते." मी जवळ गेलो तर त्याचा डावा हात माझ्या पाठीवर बराच वेळ होता.

१५ डिसेंबर, रविवार

हरिओमला नाही म्हणून सांगितलं.

दोन महिने बाहेर राहायचं. पुतणी बेंगळुरूला, तिची नोकरी. वैनी एकट्या. अण्णाचं बोलणं याच महिन्यांत आलं तर आलं, नंतर अवघड, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी नसताना आलं तर? आणि आलंच नाही तर? दोन्ही विचार करून बघितले, दोन्हीला उत्तर एकच येतं. तो कधी बोलला नाही, पण अप्पांच्या मागे घर त्यानं ओढलं म्हणून मी पस्तीस वर्षं तारा छेडत हिंडलो. आता माझी पाळी आहे.

हरिओम म्हणाला, वर्ष संपेपर्यंत दुसरा बेसवाला बघत न्हाई.

फोन अण्णासमोरच केला. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, त्यानं बघितलं. ठेवला तर त्यानं हातातला चहाचा कप भिंतीवर फेकला. "ते! ते! ते!" वैनी कपाचे तुकडे वेचत म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही जाणार म्हणून भ्याले असतील." मी त्याला समजावलं, अरे नाही म्हणून सांगितलंय मी, कुठं जात नाही, इथंच आहे. तर आणखी खवळला. रात्री जेवलाही नाही. काय करावं माणसानं?

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातुरात घरी कोण थांबतं? सगळं गाव शेतात. आमचं शेत देवणीच्या वाटेवर आहे. वैनींनी पहाटेपासून पालेभाज्या-शेंगांची भज्जी शिजवली, आंबिलाचं मडकं तयार केलं. पुतणीची गाडी नाही, भाड्याच्या गाड्या मिळेनात, म्हणून मेकॅनिक बोलावून जीपला नवी बॅटरी बसवली. अण्णाला पुढे माझ्या शेजारी बसवलं, वैनी मडकं धरून मागे.

चावी फिरवली आणि टेप आपोआप सुरू झाला. फाटक्या स्पीकरमधून डूम… डूम डडूम… डूम.

माझा पाय क्लचवरच राहिला. शब्द नाहीत, हरिओम नाही, गिटारी नाहीत. स्पीकरचं वरचं सगळं गेलेलं आणि खालचा एकटा मी उरलेलो. ती आमची पहिली कॅसेट होती. शेजारी अण्णा टेपाच्या जोडीनं तेच डूम डडूम म्हणत होता, एक ठेका चुकत नव्हता. दुसऱ्या कडव्याआधी मी एक जागा मोकळी सोडतो. तिथं तो थांबला आणि बरोबर परत आला.

मी वैनींना विचारलं, ही कॅसेट कधीपासून आहे? म्हणाल्या, "जीप घेतल्यापासून हीच हाय. मेकॅनिक फुकट नवा स्पीकर बसवतो म्हणला तर हे त्याच्यासंगं भांडले. म्हणले, मोठ्या मुश्किलीनं घावलाय तो, ऱ्हाऊ दे. काय घावलंय ते मला मेलीला काय माहीत?"

मी जीप तिथंच गल्लीत उभी ठेवली आणि रडलो. अण्णा डाव्या हातानं डॅशबोर्डवर थाप मारत होता, म्हणजे चल, उशीर होतोय. दोन महिने हा माणूस माझ्याच वाजवण्यातलं मला म्हणून दाखवत होता आणि मी डायरीत विचित्र आवाज म्हणून लिहीत होतो.

शेतात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारलेली. पूजा झाली, आंबील शिंपडलं, भज्जी-भाकरी झाली. वैनी शेजारच्या शेतातल्या बायकांकडे वाण द्यायला गेल्या. हरभरा घोट्याला लागत होता. अण्णा कोपीला टेकून बसला होता. एकदम त्यानं खांद्यावरची दस्ती काढली, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि वरून दस्ती टाकली.

मला वाटलं खेळायचंय. त्यानं माझी मूठ धरली, परत मूठ धरली, मग दोन बोटं. बारा. बारा गावं. पुढे हनुवटीनं नांदेडकडची दिशा दाखवली.

मी म्हटलं, "अण्णा, न्हाई." दस्तीखाली त्यानं माझी करंगळी अशी पिरगाळली की बोंबललो. सौद्यात तोंडानं बोलायचं नसतं. मग मीही त्याचं एक बोट धरलं. एक. फक्त नांदेड, जाऊन रात्री परत. त्यानं हात झटकला, अप्पा हलक्या गिऱ्हाइकाला झटकायचे तसा. परत बारा. मी दोन. तो बारा. मी वाढवलं. तो दस्तीखाली थांबला, विचार केल्यासारखं केलं, डोळे बारीक केले आणि एक उतरला. एवढा जन्म गेला तरी मला फसवायची हौस गेली नाही. मी मनात कितीवर थांबायचं ते ठरवलं होतं, ते त्याला माझ्या बोटांच्या घामावरून कळलं असणार. बराच वेळ चाललं. शेवटी एका आकड्यावर दोघांचे हात थांबले, ना त्यानं सोडला ना मी.

त्यानं दस्ती उचलून झटकली. माझ्या तळहातावर जोरात टाळी दिली. आणि म्हणाला, "सौदा."

स्वच्छ. भर बाजारात म्हणतात तसा. दोघंही दचकलो. मग परत म्हणाला, "सौदा. सौदा." वैनी वाटेनं येत होत्या, त्यांच्या हातातली टोपली पडली.

१ जानेवारी २०२५, बुधवार

आज अँप लावला, थेट अण्णाच्या खोलीत. पलंगाच्या पायापाशी ठेवला. सबंध कॅसेट वाजवली, एकटा बेस, गाणं नाही, काही नाही. शांतपणे ऐकली. मध्ये एकदा थांबवून परत घ्यायला लावलं, माझं चुकलं होतं.

ऋतुजा मॅडमना सगळं सांगितलं. आता त्या त्याच ठेक्यावर शब्द बसवणार आहेत. चहा, पाणी, शांता. वैनींचं नाव शांतम्मा. पहिल्यांदा "शांता" आलं तेव्हा वैनी स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि भांडी आदळत बसल्या. मी जाईन तेव्हा माझं वाजवणं मोबाईलमध्ये भरून ठेवून जाणार. पुतणी महिनाभर घरून काम करायला येते म्हणाली.

हरिओमला फोन केला. आकडा सांगितला. त्याला तर सांगावाच लागतो, तेवढं अप्पा माफ करतील. म्हणाला, उरलेल्या गावांना दुसरा घेऊ, पण नांदेडला तू हवास.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी निघालो, हे बसमध्ये लिहितोय. नांदेडला पोचून संध्याकाळी रिहर्सल.

बेसच्या पेटीत वैनींनी शेंगदाण्याची चटणी ठेवली, तेल तारांना लागेल म्हटलं तरी. मग विचारलं, "किती गावं करून येणार भाऊजी? एवढं तर सांगा." मी अण्णाकडे बघितलं. अण्णानं माझ्याकडे बघितलं. "यप्पा, दोघं भाऊ एकाच माळेचे मणी," म्हणून त्या आत गेल्या. मी इथंही लिहीत नाही. दस्तीखालचा आकडा आहे.

मी पाया पडलो. अण्णा खुर्चीतून उठला, काठी धरून दारापर्यंत आला. उंबऱ्याशी त्यानं डाव्या हातानं माझं एक बोट धरलं. दस्ती नव्हती. मी सवयीनं आकडा समजायला गेलो, एक म्हणजे काय, एकच गाव कर म्हणतो की काय. त्याच्या तोंडाकडे बघितलं.

आकडा नव्हता. नुसतं बोट धरलं होतं. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी आम्ही तसेच उभे होतो.